धारेमागून चालताना

प्रस्तावना

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर साउथपोर्ट नावाचे गाव आहे. तिथे गवत कापायच्या यंत्रांचे संग्रहालय आहे असे सांगितले की आपल्याकडची माणसे आधी हसतात आणि मग विचारतात, ‘पण कशासाठी?’ हसण्याला माझी हरकत नाही. प्रश्न मात्र रास्त आहे, आणि हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचे जरा लांबलेले उत्तर आहे.

उत्तराचा गाभा सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुनी लॉन मोअर जमवणाऱ्यांना गवताचे फारसे कौतुक नसते. कित्येकांच्या घरामागे धड हिरवळही नसते. असते ती एक गच्च भरलेली शेड. त्यांचा जीव अडकलेला असतो तो दोन पात्यांमधल्या केसाएवढ्या फटीत. या यंत्राचा इतिहास सहसा बागांच्या इतिहासात एखाद्या पानावर उरकला जातो, नाहीतर इंजिनांच्या इतिहासात एखाद्या तळटीपेत. दोन्हीकडे ती फट सुटून जाते. मला तिच्याभोवतीच सगळी गोष्ट मांडावीशी वाटली, कारण दांडा धरून मागे चालणाऱ्या माणसाचे आणि यंत्राचे नाते तिथे ठरते. फट नीट असली तर यंत्र हलके चालते, बिघडली तर तेच यंत्र दगडासारखे जड होते, आणि ती राखायचे काम चालवणाऱ्यावरच येते.

हद्द आखून घेतो. बसून चालवायची यंत्रे आणि ट्रॅक्टर या पुस्तकात नाहीत. ज्यांच्या मागून चालावे लागते एवढीच यंत्रे आहेत, मग ती हाताने ढकलायची असोत की इंजिनची. काळ १८३० पासून साधारण १९७० च्या दशकापर्यंतचा. पुढच्या मशीनवर प्लास्टिक आले आणि माझा रस संपला. हा माझा हट्ट समजा.

यंत्र येण्याआधी हिरवळ राखणे हा फक्त धनिकांना परवडणारा शौक होता. मोठ्या हवेल्यांभोवतीचे गवत एकतर मेंढ्या चरून बुटके ठेवत, नाहीतर लांब दांड्याचे विळे घेतलेली माणसे ओळीने कापत पुढे जात. विळ्याला गवत ओले लागते. दव असेपर्यंत पात जड असते, धारेला अडते आणि तुटते; ऊन चढले की तीच पात लवते आणि विळा वरून घसरून जातो. म्हणून कापणाऱ्यांचा दिवस उजाडायच्या आत सुरू होई. काम कसबाचे होते, मजुरी चालू राही, आणि मागून झाडून गोळा करायला वेगळी माणसे लागत.

यातून सुटका झाली ती कापडाच्या गिरणीमुळे. ग्लॉस्टरशरमधले स्ट्राउडचे खोरे लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. असे कापड विणून, कुटून घट्ट केल्यावर त्यावर तंतूंची लव उभी राहते आणि ती एकसारखी छाटली तरच कापडाला गुळगुळीतपणा येतो. आधी हे काम भल्यामोठ्या कात्र्यांनी हाताने होई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी यंत्रे आली: एका दंडगोलावर पिळाने बसवलेली पाती फिरत आणि खालच्या स्थिर पात्याला चाटून जाताना मधली लव कापत. स्ट्राउडजवळच्या थ्रप इथल्या एडविन बडिंग या मेकॅनिकच्या मनात आले की लव काय आणि गवत काय, उभे तंतूच ते. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याने पेटंट घेतले. पैसा आणि कारखाना जॉन फेराबी या भागीदाराचा. लोकांनी वेड्यात काढू नये म्हणून बडिंग रात्रीच्या अंधारात चाचण्या घेई, असे सांगतात. गोष्ट इतकी गोंडस आहे की मला तिचा संशय येतो. जबडा स्क्रूने मागेपुढे सरकणारा पानाही याच माणसाच्या नावावर आहे, एवढे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. ज्या डोक्यातून तो पाना निघाला त्याच डोक्यातून फट कमीजास्त करायचे हे यंत्र निघाले.

ज्यांनी गावाकडे कडबाकुट्टी पाहिली आहे त्यांना आतली युक्ती लगेच कळेल. चाकावरचे वाकडे पाते स्थिर कडेजवळून जाते आणि मध्ये सापडलेला कडबा कापला जातो. नुसत्या वेगाने किंवा जोराने ते होत नाही. दोन कडा एकमेकींना जवळजवळ भिडाव्या लागतात. बडिंगने ही कुट्टी आडवी करून जमिनीलगत आणली आणि तिला चाक म्हणून मागचा रोलर दिला. यंत्र ढकलले की रोलर फिरतो, दातेरी चाकांतून ती गती सोळापट होऊन पात्यांच्या दंडगोलाला मिळते. रुंदी १९ इंच, सांगाडा लोखंडाचा, कापलेले गवत पुढच्या पेटीत. एका माणसाला ढकलायला जड म्हणून पुढच्या बाजूलाही ओढायला मूठ ठेवलेली होती. आपल्याकडच्या जिमखान्यांवर आणि सरकारी बंगल्यांच्या हिरवळीवर एक माळी ढकलतो आणि दुसरा पुढे दोरी बांधून ओढतो, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. ती आपली देशी सोय वाटते. ती मुळापासून त्या यंत्रातच आहे.

आणखी एक गोष्ट बदलली. कात्रीच्या तत्त्वाला गवत कोरडे हवे. ओले असेल तर ते पात्यांना चिकटते आणि रोलर घसरतो. म्हणजे पहाटेचे काम दिवसाउजेडी, उन्हात आले. बडिंगच्या पेटंटमध्ये तर गावाकडच्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवून करमणूक आणि व्यायाम दोन्ही साधता येतील, असे आमिष दाखवले आहे. सद्गृहस्थांनी ते कितपत मनावर घेतले कोण जाणे. पहिल्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधली प्राणिसंग्रहालयाची बाग आणि ऑक्सफर्डची कॉलेजे होती, आणि तिथे यंत्राचा दांडा पगारी माळ्याच्याच हातात गेला. बडिंग १८४६ मध्ये वारला, तोवर बाजार जेमतेम उघडत होता.

पुढची पन्नास-साठ वर्षे भराभर ओलांडतो. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्समने परवाना घेऊन ही यंत्रे बनवायला सुरुवात केली. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने १८४० च्या दशकात तट्टू जुंपायचे रुंद यंत्र काढले. खुरांचे ठसे हिरवळीत उमटू नयेत म्हणून जनावरांना चामड्याचे बूट घालत. लीड्सच्या थॉमस ग्रीनने १८५९ मध्ये दातेरी चाकांऐवजी साखळी बसवली, त्यामुळे खडखडाट बराच कमी झाला आणि ग्रीनने मशीनचे नावच लॅटिनमध्ये ‘मूक कापणारा’ असे ठेवले, ‘सायलेन्स मेसर’. मग रोलर काढून दोन बाजूंना दोन चाके लावलेली हलकी, स्वस्त यंत्रे आली. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रिचमंडच्या एलवुड मॅग्वायरने १८७० च्या सुमारास असेच हलके मशीन काढले. उपनगरातल्या छोट्या घराला हिरवळ परवडायला लागली ती या काळात. वाफेवरही लोकांनी हात मारून पाहिला: लँकेशरमधल्या लेलँडच्या जेम्स समनरने १८९३ मध्ये वाफेच्या मोअरचे पेटंट घेतले. मोअर गाजला नाही, पण त्याच उद्योगातून पुढे लेलँड मोटर्स उभी राहिली. रस्त्यावर अशोक लेलँडचा ट्रक दिसला की त्या नावाच्या मुळाशी एक गवत कापायचे यंत्र आहे हे मला उगाचच आठवते.

पेट्रोलवर चालणारे, विकले गेलेले पहिले यशस्वी यंत्र १९०२ मध्ये रॅन्समनेच आणले. ते मोठ्या मैदानांसाठी होते. घरगुती मोटर मोअरचे युग मात्र बर्मिंगहॅममध्ये १९२१ साली सुरू झाले. चार्ल्स प्यू यांच्या कंपनीत साखळ्या बनत. ‘ॲटलस चेन कंपनी’ची आद्याक्षरे जुळवून तिने आपल्या मोअरला ‘ॲटको’ नाव दिले. पहिले मशीन २२ इंची, किंमत ७५ पौंड, म्हणजे तेव्हाच्या मध्यमवर्गीयाने आधी बायकोला विचारावे अशी. ॲटकोचा खरा डाव यंत्रापेक्षा सेवेत होता. गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. हिवाळ्यात गवत वाढत नाही तेव्हा तिथे यंत्र न्यायचे, उघडायचे, धार लावायची आणि वसंतात परत द्यायचे. एखादे ॲटको शतकभरानंतरही चालते याचे श्रेय लोखंडाइतकेच त्या हिवाळी दुरुस्त्यांना आहे.

दोन महायुद्धांमधला काळ जमवणाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यात संपन्न. गिल्डफर्डची डेनिस ही कंपनी लॉरी आणि अग्निशमनाच्या गाड्या बनवता बनवता मैदानांसाठी भक्कम मोअर बनवू लागली. लेस्टरच्या जेपीची यंत्रे घड्याळजीने बनवल्यासारखी नेटकी. डर्बीच्या क्वालकास्टने ओतकामाच्या जोरावर स्वस्त मशीन घरोघर पोचवले; त्याला श्रीमंत संग्राहक नाक मुरडतात, मी मुरडत नाही. युद्धानंतर स्टोमार्केटच्या ‘सफोक’ने स्वतःच्या इंजिनसह छोटी मोटर मोअर आणली आणि हजारो इंग्रज पोरांनी पहिले इंजिन उघडले ते तिचे. इतरांची इंजिने बहुतेक दोन घरांतून येत: वुल्व्हरहॅम्प्टनचे व्हिलियर्स आणि लंडनमधल्या टॉटनहॅमचे जॅप. दोघांचीही इंजिने मोटरसायकलींत होती, त्यामुळे मोटरसायकलवेडा माणूस वय झाल्यावर मोअरकडे वळतो हे अगदी स्वाभाविक.

इथपर्यंत सगळे एकाच घराण्याचे: फिरता दंडगोल, खाली स्थिर पाते. (या पुस्तकात ‘सिलिंडर’ म्हटले की हा पात्यांचा दंडगोल समजायचा, इंजिनाचा नव्हे.) दुसरे घराणे १९३० च्या दशकात जन्मले. ‘रोटोसाइथ’ या ब्रिटिश यंत्रात जमिनीला समांतर गरगर फिरणारे पाते होते. इथे कात्री नाही. मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांनी फिरणारे पाते गवताला नुसते हाणते, आणि गवत जागच्या जागी राहण्याच्या हट्टामुळेच तुटते. म्हणजे जुन्या विळ्याचेच तत्त्व, फक्त इंजिनाच्या वेगाने. उंच, ओले, रानटी गवत त्याला चालते. फटीची कटकट नाही. गवताचे टोक मात्र फाटल्यासारखे राहते आणि दोन दिवसांत तपकिरी पडते.

या घराण्याला घराघरांत नेले ऑस्ट्रेलियाने. सिडनीच्या काँकर्ड उपनगरात १९५२ मध्ये मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी व्हिलियर्सचे टू-स्ट्रोक इंजिन आडवे पाडून त्याखाली पाते लावले आणि पेट्रोलसाठी पीचचा रिकामा डबा बसवला. त्यातून ‘व्हिक्टा’ निघाले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात मैदानावर व्हिक्टाचा ताफाच उतरवला होता, यावरून त्या देशात या यंत्राला काय स्थान आहे ते समजावे. अमेरिकेत लॉन-बॉयच्या टू-स्ट्रोक मशीनचे असेच भक्त आहेत, आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने १९५३ मध्ये ॲल्युमिनियमचे हलके इंजिन आणल्यावर तर तिथे फिरत्या पात्याला स्पर्धाच उरली नाही. १९६० च्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमन यांनी हॉवरक्राफ्टची कल्पना उचलून चाकेही काढून टाकली, ते ‘फ्लायमो’.

यंत्रांची घराणी दोन, तर जमवणाऱ्यांचे पंथ तीन. पहिला पंथ चकचकीवाल्यांचा. ते यंत्र शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलतात, मूळ रंगाची छटा जुळवतात, पितळी पाट्या घासतात, कारखान्याने लावले होते तसलेच सोनेरी अक्षरांचे स्टिकर शोधून आणतात. दुसरा पंथ जसे सापडले तसे ठेवणाऱ्यांचा: गंज थांबवायचा, तेलाचा बोळा फिरवायचा, पण ऐंशी वर्षांत माळ्याच्या तळहाताने गुळगुळीत केलेली लाकडी मूठ बदलायची नाही. दोघांची भांडणे ऐकण्यासारखी असतात. पहिल्यांच्या मते दुसरे आळशी, दुसऱ्यांच्या मते पहिले पुरावा नष्ट करणारे. तिसरा पंथ कापणाऱ्यांचा. त्यांना रंगाशी कर्तव्य नाही. शनिवारी सकाळी १९३५ चे मशीन बाहेर काढून कापले पाहिजे, एवढेच. मी तिसऱ्यातला. उभे करून ठेवलेल्या यंत्राची धार चांगली आहे की नाही हे कोणालाच, त्याच्या मालकालासुद्धा, ठाऊक नसते.

त्या धारेकडे जरा जवळून पाहू. मशीन सपाट जागी ठेवून वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी घ्यायची. ती स्थिर पात्यावर उभी धरायची आणि चामड्याचा हातमोजा घातलेल्या हाताने सिलिंडर सावकाश फिरवायचा. सेटिंग बरोबर असेल तर कागद कात्रीने कापावा तसा, कुसकर न होता, तुटतो. मग बोटभर सरकून पुन्हा, असे डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत आणि प्रत्येक पात्याला. कुठे कागद दुमडून पाती निघून गेली तर तिथे फट मोठी आहे. दोन्ही टोकांना स्क्रू असतात. ते एकदम फिरवायचे नाहीत. एका बाजूला पाव आटा, मग दुसऱ्या बाजूला पाव आटा, मग पुन्हा कागद. फार आवळले तर सिलिंडर कर्कश ओरडतो, लोखंड लोखंडावर घासून तापते आणि लावलेली धार दहा मिनिटांत जाते. नीट जमले तर नुसती सळसळ ऐकू येते, रेशमी साडीच्या पदरासारखी. पाती थोडी बोथट असतील तर कडेला करकरीत पेस्ट लावून सिलिंडर उलट्या दिशेने फिरवतात. दोन्ही कडा एकमेकींना घासून आपोआप जुळतात. हे सगळे काम अर्ध्या तासाचे, आणि या छंदातले सगळ्यात मोठे सुख तेच. माझ्या मते इंजिन चालू होण्याच्या सुखाहूनही मोठे, जरी कार्बोरेटरवरचे ‘टिकलर’ नावाचे बटण दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत वाट पाहणे आणि पहिल्या किकला निळा धूर निघणे यालाही मी कमी लेखत नाही.

हिरवळीवरचे फिके-गडद पट्टे ही सिलिंडर घराण्याचीच देणगी. बरेच लोक समजतात गवत दोन उंचींवर कापलेले आहे. तसे नसते. मागचा रोलर जाताना पात एका बाजूला लववतो, येताना दुसऱ्या बाजूला. उजेड वेगळा परतला की रंग वेगळा दिसतो. विम्बल्डनच्या कोर्टावर गवत ८ मिलिमीटर राखतात, आणि इतके खाली नेटके कापायचे तर आजही सिलिंडरच लागतो. म्हणजे बडिंगचे तत्त्व इतिहासात जमा झालेले नाही. ते फक्त घराच्या अंगणातून निघून खेळाच्या मैदानावर स्थिरावले.

आज हे पुस्तक का, याचेही उत्तर द्यायला हवे. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या विक्रीवर बंदी आणली. बाकी जग त्याच वाटेने जाणार. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सरसकट मिळू लागलेल्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर खराब होतात. टू-स्ट्रोकच्या धुराचे समर्थन मला करायचे नाही; तो वाईटच आहे. हिरवळीचेही करायचे नाही. एकाच जातीचे बुटके गवत पाणी पिते आणि किड्या-फुलांना थारा देत नाही, म्हणून ‘प्लँटलाइफ’ ही ब्रिटिश संस्था २०१९ पासून मे महिनाभर कापूच नका असे सांगते आहे. कापणाऱ्या पंथानेही ते ऐकावे, जून-जुलै आपलेच आहेत. फिलिप लार्किन यांनी १९७९ मध्ये पात्यात सापडून मेलेल्या साळूसारख्या एका लहान प्राण्यावर कविता लिहिली. उंच गवतात मशीन घालण्याआधी चालून पाहावे, हे तिच्यामुळे अनेकांना कळले.

पण नव्याच्या बाजूने एवढे मान्य केल्यावर एक तक्रार उरते. आजचे बॅटरीचे मशीन बंद डब्यात येते. आतले काय बिघडले ते दिसत नाही, दिसले तरी भाग मिळत नाही, मिळाला तरी तो नव्या मशीनच्या भावाचा. जुन्या सिलिंडर मोअरमध्ये लपवलेले काही नाही. रोलर, साखळी, दातेरी चाक, पाते: डोळ्यांनी पाहून कोण कोणाला फिरवते ते सांगता येते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला यंत्र म्हणजे काय हे समजावायला मला याहून चांगले साधन माहीत नाही. मराठीत लिहिण्याचे कारणही हेच. आपल्याकडे क्लबांच्या, विद्यापीठांच्या आणि लष्करी छावण्यांच्या गोदामांत अशी जड ओतीव यंत्रे पडून असतात आणि भंगारात वजनावर जातात. किलोवर विकण्याआधी कोणीतरी ती ओळखावीत.

पुस्तकात काय आहे हे अनुक्रमणिका सांगेलच. मी फक्त हेतू सांगतो. यंत्रांची सूची करणे किंवा बाजारभाव देणे हा हेतू नाही. भाव दर हंगामाला बदलतात आणि त्यांच्यावर भांडण्यात छंदाची मजा जाते. अनोळखी यंत्र समोर आल्यावर ते कोणत्या घराण्याचे, साधारण कोणत्या काळाचे, कशामुळे अडले आहे आणि त्याला पुन्हा धार कशी आणायची, एवढे वाचकाला जमावे. इतिहासाची प्रकरणे आणि हातकामाची प्रकरणे मुद्दाम एकमेकांत मिसळली आहेत. शँक्सचे तट्टू वाचता वाचता साखळीचा ताण तपासायला उठावे लागले तर मला आवडेल. यंत्रांची मापे इंचांतच ठेवली आहेत, कारण ही यंत्रे इंचांवर विकली गेली आणि त्यांचे आटेही ब्रिटिश मापांचे आहेत. मेट्रिक पाना लावून नट गोल करू नये.

या यंत्रांना संरक्षक झाकणे नसतात. दांडा सोडल्यावर पाते तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे हा अमेरिकेतला नियमसुद्धा १९८२ चा, म्हणजे इथल्या जवळजवळ सगळ्या मशीननंतरचा. तेव्हा हातकामाच्या कुठल्याही प्रकरणाकडे जाण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला वळवून ठेवा. इंजिन गार आहे, पेट्रोल बंद आहे, कोणी किक मारणार नाही, हे सगळे माहीत असले तरीही.